निळा पाय

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती शेवटपर्यंत राखून ठेवायचा धीर माझ्यात नाही. माझा पाय माझ्या भावाने बिघडवला नाही.

हे वाक्य मी वर्षभर सासरी, माहेरी, दवाखान्यात, ऑटोत, जिथे कोणी ऐकेल तिथे बोलले आहे. लोक ऐकतात, मान हलवतात आणि "शेवटी भावाची माया आहे" अशा नजरेने बघून विषय बदलतात. म्हणून आता लिहूनच काढते. ज्यांच्या हाडात पू झाला आहे, किंवा ज्यांच्या घरात तसा माणूस खाटेवर पडून आहे, त्यांनी जरूर वाचावं. डॉक्टरांनी वाचलं तर फारच उत्तम.

मी अकोल्याला मुलींच्या शाळेत पीटी शिकवते. उभं आयुष्य मैदानावर गेलं. गळ्यात शिट्टी आणि पायात कॅनव्हासचे बूट, हाच माझा अवतार. आमचे हे रेल्वेत आहेत, रोज अकोल्याहून बडनेऱ्याला जाऊन-येऊन करतात. सासूबाई आमच्याकडेच असतात. माहेर शेंदूरजनाघाटचं. तिथे माझा धाकटा भाऊ विलास संत्र्याची बाग बघतो. आई-बाबा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे विलासच.

बागेतला नियम

मागच्या वर्षी भाऊबीजेला मी माहेरी गेले होते. बागेत संत्र्यांची तोड चालू होती आणि दुसऱ्या अंगाला विलास झाडांच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावत होता. ज्यांनी संत्र्याची बाग पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून ही निळी पेस्ट करतात. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बुंध्यांना लावतात. शिवाय एखादी फांदी कापली की कापलेल्या जागी ताबडतोब फासतात. झाडाची उघडी जागा तशीच ठेवली की तिथून रोग शिरतो, मग बुंध्यातून डिंक वाहायला लागतो आणि झाड जातं. आमच्याकडची लहान पोरंसुद्धा हे जाणतात. कापलं की लावायचं, त्यात विचार करायचा नसतो.

मी शिडीवर चढले. पन्नाशीची बाई शिडीवर कशाला चढली, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता मी उत्तर देत नाही. वरची संत्री तोडायला चढले, आणखी कशाला चढणार? ओल्या आळ्यात शिडीचा एक पाय रुतला, शिडी फिरली, माझा उजवा पाय पायऱ्यांमध्ये अडकला आणि मी खाली आले. आवाज झाला. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं आणि सरळ त्या काळ्या ओल्या मातीत घुसलं होतं. नुकतंच शेणखत टाकलेलं आळं होतं ते.

विलास धावत आला. हातात ब्रश होता, शेजारी निळी बादली होती.

"ताई, हालू नको! हालू नको म्हनलं ना तुले!"

रक्त वाहत होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि त्याने काय केलं? हात बादलीत घातला, मूठभर पेस्ट काढली आणि माझ्या जखमेवर थापली. वरून डोक्याचा दुपट्टा सोडून करकचून बांधला. आयुष्यभर त्याचा हात ज्या कामाला लागलेला होता, तेच त्या हाताने केलं. त्याला पुढ्यात बहीण दिसत नव्हती, फक्त उघडी जागा दिसत होती.

चुन्याने अशी आग झाली की मी त्याला शिव्या दिल्या. त्या तेवढ्याच शिव्यांचा मला हक्क होता आणि त्या मी तिथेच देऊन संपवल्या.

"झाड समजला का बहिणीला?"

वरुडच्या डॉक्टरांनी वरवर धुतलं, पायाला फळी बांधली, इंजेक्शन दिलं आणि अमरावतीला न्यायला सांगितलं. संत्र्याची क्रेट वाहायच्या गाडीतच मागे गादी टाकून मला नेलं. विलास पूर्ण रस्ता माझा पाय धरून बसला होता.

अमरावतीच्या त्या दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही. बोर्ड मोठा होता, एवढं पुरे. तिथे माझा पाय उघडला तेव्हा तो अजून निळाच होता. आधी कंपाउंडर बघायला आला, मग नर्स आल्या, मग दुसऱ्या मजल्यावरचे दोघं आले. एकाने मोबाईल काढून फोटो घेतला. मी शुद्धीत होते. माझं हाड बाहेर होतं आणि ही माणसं फोटो काढत होती.

मग डॉक्टर आले. त्यांनी पाय बघितला, विलासकडे बघितलं आणि म्हणाले, "झाड समजला का बहिणीला?"

सगळे हसले. ते हसू मी विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

विलास हसला नाही, चिडलाही नाही. हात जोडून म्हणाला, "साहेब, चुकलं माह्याकडून. पन एक आयका, हाड मातीत गेलतं. आळ्यात शेनखत होतं. आत माती राह्यली असन, थे नीट धुजा."

डॉक्टर म्हणाले, "मातीचं आम्ही पाहू. तुम्ही तुमचं रंगकाम पाहा."

माझी विनंती आहे की हे वाक्य लक्षात ठेवा. शिकल्या-सवरल्या माणसाला एका बागाईतदाराने जी एकच कामाची गोष्ट सांगितली, तिला मिळालेलं हे उत्तर आहे.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. प्लेट बसवली, टाके घातले, जखम बंद. दुसऱ्या दिवशी एक्स-रे खिडकीकडे धरून डॉक्टर म्हणाले, "एक नंबर बसलंय." यांना म्हणाले, मला नाही. माझ्याशी ते बोलले ते एकदाच, "दुखतं का?" एवढंच, आणि मी उत्तर देईपर्यंत पुढच्या खाटेवर पोचले होते.

पू, पथ्य आणि पेटी

घरी आल्यावर टाक्यांच्या खालच्या टोकातून पाणी यायला लागलं. आधी पाण्यासारखं, मग पिवळट. आम्ही अमरावतीला गेलो. डॉक्टरांनी दुरून बघितलं. "त्या पेस्टची रिअॅक्शन आहे. सुकेल."

गोळ्या घेतल्या की थोडे दिवस बरं वाटायचं, गोळ्या संपल्या की परत वाहायचं. पुन्हा गाडी, पुन्हा अमरावती, पुन्हा तेच वाक्य. हाड जुळत का नाही? ती पेस्ट. वास का येतो? तुमच्या भावाला विचारा. एखाद्याला हाताशी असा भाऊ मिळाला की मग काही तपासायला लागत नाही. दर वेळी दार उघडायच्या आतच उत्तर तयार असायचं.

आणि ते उत्तर माझ्या घरात येऊन राहिलं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "भावानं निळं फासलं पायाले, तवापासून सडून राह्यला." त्यांनी माझं पथ्य सुरू केलं. आंबट बंद, कारण आंबटाने पू होतो. तुरीचं वरण बंद, बटाटा बंद, भात बंद. विलास कोणाच्या तरी हातून संत्र्यांची पेटी पाठवायचा. ती पेटी व्हरांड्यात पडून राहायची. आंबट ना! मग सासूबाई ती गल्लीत वाटून टाकायच्या. माझ्या भावाची संत्री पूर्ण गल्ली खायची आणि वर माझ्या भावालाच बोलायची. मी खाटेवर पडल्या पडल्या हे बघायचे आणि दात आवळायचे.

आमचे हे वाईट नाहीत. पण तेही एकदा म्हणाले, "काही न लावता आणलं असतं तुला, तर एवढं झालं नसतं." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांनी विलासला फोनवरही असंच काहीतरी ऐकवलं असणार, कारण त्यानंतर विलासचा फोन येणं बंद झालं. मी केला की वहिनी उचलायची. "ते बागेत गेले." सकाळी केला तरी बागेत, दुपारी केला तरी बागेत.

एकदाच त्याने उचलला. मी म्हटलं, "काहून बे, बहीण मेली का तुही?" मी चिडले की माझीही वऱ्हाडी बाहेर येते.

तो म्हणाला, "ताई, मी तुहा पाय खाल्ला वं," आणि फोन ठेवला.

टक्

उन्हाळा लागला आणि मला थंडी वाजून ताप भरला. अकोल्याच्या उन्हाळ्यात दोन रजया घेऊन मी कुडकुडत होते. अमरावतीपर्यंत जायची ताकद नव्हती, म्हणून यांनी इथल्याच एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. चाळिशीचा माणूस, जरा तोतरं बोलणारा. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि यांच्याकडे न बघता मला विचारलं, "कधीपासून वाहतंय?"

मला रडूच आलं. इतके महिने कोणी मला विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, शिडीपासून. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग एक बारीक सळई घेऊन ते म्हणाले, "थोडं दुखेल," आणि जखमेच्या छिद्रातून ती आत सरकवली. आतून आवाज आला, टक्.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "ही तुमची प्लेट. बाहेरून थेट तिथपर्यंत रस्ता आहे. हाडात जंतू गेलेत बाई. ही रिअॅक्शन नाही, कधीच नव्हती."

माझ्या आजाराचं खरं नाव मला कळलं तो हा दिवस. लोक म्हणतात की अशा वेळी पायाखालची जमीन सरकते. माझ्या अंगात संताप चढला, इतका की क्षणभर ताप विसरले. इतके महिने हा आवाज माझ्या पायात होता आणि कोणाला तो ऐकायची गरज वाटली नव्हती.

शिट्टी

मला भरती करून घेतलं. वॉर्डात सकाळी झाडझूड, मग ड्रेसिंगची गाडी, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी. ड्रेसिंगच्या गाडीची चाकं करकरली की मी खाटेची कड धरायचे. बाजूच्या खाटेवर रमाताई होत्या, मूर्तिजापूरकडच्या, मांडीचं हाड मोडलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला जोरात जय भीम घालायच्या आणि माझं ड्रेसिंग चालू असलं की माझा हात धरून ठेवायच्या. "वरड माय, वरड. इथं कोनाच्या बापाचं काय जाते?" म्हणायच्या. मी ओरडायचे. त्याने बरं वाटतं, हे नवीन रुग्णांनी जरूर करून बघावं.

एका सकाळी दाराशी कुजबुज चालली होती. आमचे हे, सासूबाई आणि एक शिकाऊ डॉक्टर. मला अर्धवट ऐकू येत होतं. "काढावा लागला तर..." "तिले नका सांगू..." "आम्ही घरी बसून ठरवतो..."

माझा पाय काढायचा की ठेवायचा, हे माझ्या घरी बसून ठरणार होतं आणि मी दवाखान्यात होते!

शिट्टी माझ्या उशाखाली होती. नर्सला हाक मारायला ठेवली होती, पण कधी वापरली नव्हती. मी ती तोंडात घातली आणि मैदानावर वाजवते तशी वाजवली. पूर्ण वॉर्ड चिडीचूप. एक नातेवाईक हातातला डबा टाकून उभा राहिला.

"इकडे या," मी म्हटलं. "तिघेही या. पाय कोणाचा आहे?"

रमाताई म्हणाल्या, "बोला ना बाप्पा, सोपा सवाल इचारला तिनं."

मग ते सळईवाले डॉक्टर आले आणि सगळं माझ्यापुढे बोलले. पाय जाऊ शकतो, हे खरं होतं. पण आधी वाचवायचा प्रयत्न करू, म्हणाले. प्लेट काढायची, आतलं मेलेलं हाड खरवडून काढायचं, पाय बाहेरून सळयांच्या चौकटीने धरून ठेवायचा. आणि हाडाच्या पोकळीत अँटिबायोटिकचे मणी ठेवायचे.

"मणी?"

"हाडासाठी एक सिमेंट असतं. त्यात औषधाची पूड कालवायची, हातानेच बोराएवढ्या गोळ्या वळायच्या आणि तारेत ओवून आत ठेवायच्या. त्यातून औषध हळूहळू झिरपत राहतं, नेमकं तिथेच."

"मग मी एवढ्या गोळ्या गिळल्या त्या कशाला?"

"गोळीचं औषध रक्तातून जातं. तुमच्या पायात जिथे हाड मेलंय तिथे रक्तच पोचत नाही, तर औषध कुठून पोचणार? म्हणून ते जागेवरच न्यायचं."

मी म्हणाले, "म्हणजे झाडाची फांदी कापली की बुडाला पाणी घालून भागत नाही. कापल्या जागीच पेस्ट लावावी लागते."

डॉक्टर हसणार होते, पण हसले नाहीत. त्यांना माझी निळ्या पायाची गोष्ट माहीत होती. ते म्हणाले, "हो. तसंच समजा."

माळ

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा नडगीतून चार सळया बाहेर आलेल्या होत्या. रमाताईंनी वाकून बघितलं. "बाहेर टीव्हीचा अँटेना अन् आत पोत. लगन लावाचं काय पायाचं?" इतक्या महिन्यांनी मी पोट धरून हसले. सळया हलल्या, दुखलं, तरी हसले.

ताप उतरला. पू कमी झाला, मग थांबला. मी फार वर्णन करत नाही, कारण बरं होणं हे सांगायला कंटाळवाणं असतं. कोरडं ड्रेसिंग निघालं त्या दिवशी मी ते पांढरंशुभ्र कापड हातात घेऊन बघत बसले, एवढं सांगते. आणि तुरीचं वरण मागितलं. डॉक्टरांनी सासूबाईंना समोर उभं करून सांगितलं की सूनबाईंना डाळ द्या, अंडी द्या, संत्री द्या, सगळं द्या. सासूबाई म्हणाल्या, "आंबट?" डॉक्टर म्हणाले, "आंबट." तो एक शब्द ऐकून मला जो आनंद झाला, तो सांगून कळायचा नाही.

पुढे मणी काढले, कमरेचं हाड घेऊन नडगीत भरलं, महिनोन्महिने कुबड्या चालल्या. पण त्याआधीचं एक बोलणं लिहायचं आहे. त्यासाठीच तर हे सगळं लिहिते आहे.

मी डॉक्टरांना विचारलं, "पहिल्याच दिवशी असं जखमेत औषध ठेवलं असतं तर?"

ते म्हणाले, "जर-तरचं सांगता येत नाही. हे सगळं नक्कीच टळलं असतं असं मी म्हणणार नाही. पण उघडं हाड, शेतातली माती... मी असतो तर आधी धू-धू धुतलं असतं, औषध जागेवर ठेवलं असतं आणि प्लेटची घाई केली नसती. आम्ही बरेच जण असंच करतो."

"आणि ती पेस्ट?"

"लावायला नको होती. तिने कातडी भाजली. कोणी कधीच लावू नये. पण हाडात जंतू पेस्टने घातले नाहीत. माती आत राहिली आणि वरून शिवून टाकली, मी तरी याहून वेगळं मानत नाही."

"हे लिहून द्या."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. "बाई, आता ते सोडा. पाय वाचला, पुढचं बघा."

मला हा माणूस आवडतो. त्याने माझा पाय वाचवला. पण त्या क्षणी त्याचाही मला राग आला आणि तो इथे लपवणार नाही. एका डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून दुसरा डॉक्टर गप्प बसतो आणि तिकडे शेंदूरजनाघाटला एक माणूस स्वतःला खात बसतो, हे कुठलं सौजन्य?

"लिहू नका," मी म्हटलं. "पण माझ्या भावाला तोंडाने सांगाल?"

"त्यांना घेऊन या. सांगतो."

विलास आला नाही. मी निरोप पाठवले, वहिनीला सांगायला लावलं, यांनाही त्याच्याकडे धाडलं. हे तिथे गेले, त्याच्या अंगणात बसून "मी बोललो ते चुकलं" असं म्हणून आले, ही यांची मोठी गोष्ट आहे. तरी तो आला नाही.

पुन्हा भाऊबीज

यंदाच्या भाऊबीजेला मीच गेले. हातात काठी आहे, पाय जरा आखूड झालाय, पण पाय माझा आहे. पर्समध्ये एका छोट्या बाटलीत ते मणी होते. काढल्यावर मी मागून घेतले होते.

विलास घरी नव्हता. अर्थात बागेत गेला होता. मी काठी टेकत बागेत गेले आणि पहिल्याच रांगेत थबकले. एकाही बुंध्याला निळा पट्टा नव्हता. दर वर्षी या दिवसांत आमची बाग कमरेपर्यंत निळी असते. आता बुंधे उघडे होते आणि एकामागून एक झाडांच्या सालीतून तपकिरी डिंक ओघळत होता. काही झाडं पिवळी पडली होती. बाबांनी लावलेलं विहिरीजवळचं झाड तर अर्धं वाळलं होतं.

तो तिथेच बांधावर बसला होता. दाढी वाढलेली. मला चालत येताना बघून उठला आणि माझ्या पायाकडे बघत राहिला, चेहऱ्याकडे नाही.

"झाडायले पेस्ट काहून नाही लावली?" मी विचारलं.

"मजुराले सांगतलं होतं. त्यानं नाही लावली."

"खोटं बोलू नको."

तो मग हळूच म्हणाला, "माह्या हातानं नाही लागत आता थे, ताई. बादलीत हात घातला का तुहा पायच दिसते."

मी ओरडले त्याच्यावर. बागेत ऐकणारं कोणी नव्हतं. मी म्हटलं, झाडांनी काय केलं होतं रे? मी बाटली काढून त्याच्या हातात दिली. हे बघ, याच्यात औषध होतं. जखमेच्या जागेवर ठेवलं, तेव्हा कुठे पाय वाचला. जागेवरच औषध लागतं, हे तुझ्या हाताला बरोबर माहीत होतं. तुझं औषध चुकलं. पण माती धुवा म्हणून सांगणारा तिथे तू एकटा होतास.

त्याला पटलं नाही. बहीण आहे म्हणून बोलते, हीच ती नजर. म्हणून मी अकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांची ओपीडी चालू होती, मागे कोणीतरी रडत होतं. मी म्हटलं, "भाऊ समोर आहे. सांगा आता." आणि फोन विलासच्या कानाला लावला.

मला फक्त त्याचंच बोलणं ऐकू येत होतं. "हाव जी... हाव... शेनखतच होतं... नाही, म्या सांगतलं होतं त्यायले... हाव, पुन्यांदा नाही लावत मानसाले... हाव." मग तो नुसताच ऐकत राहिला. मग फोन माझ्याकडे दिला आणि आळ्यात, ओल्या मातीत, खाली बसला. एवढा मोठा माणूस तोंडावर दुपट्टा घेऊन रडला. मी काठी टेकून उभी राहिले, कारण मला अजून पटकन खाली बसता येत नाही.

रडणं थांबल्यावर त्याने मला विचारलं, "मंग अमरावतीच्या डॉक्टरनं इतके महिने पेस्टचंच काहून सांगतलं, ताई?"

कदाचित त्यांना ते वाक्य आठवतही नसेल. दिवसात पन्नास रुग्ण बघणाऱ्या माणसाचं एक सोपं वाक्य, आणि इथे एका बागेतली झाडं त्याने वाळली.

आम्ही घरून मोरचूद आणि चुना आणून पेस्ट कालवली. आधी विलासने ब्रश धरला नाही, म्हणून विहिरीजवळच्या झाडाचा अर्धा बुंधा मी रंगवला, एका पायावर भार देऊन, वेडावाकडा. ते त्याला बघवलं नाही. "असं नाही लावत, डिंक आधी खरवडा लागते," म्हणून त्याने माझ्या हातातून ब्रश घेतला. संध्याकाळी मी त्याला ओवाळलं तेव्हा आम्हा दोघांचे हात निळे होते. कुंकवाखाली त्याच्या कपाळाला थोडा निळा रंग लागला, तो त्याने पुसला नाही.

जेवताना तो म्हणाला, "ताई, थ्या डॉक्टरले कोन सांगन हे?"

मी म्हटलं, मी सांगते. तेच सांगितलं आहे.